तारांखालची हवा

तारा बोलतात हे आम्हाला घर भाड्याने घेतल्यावर कळलं. घर पाहायला गेलो होतो तो दिवस लख्ख उन्हाचा आणि कोरडा होता. मागच्या अंगणात उभं राहिलं की पाण्याचा एक अरुंद पाट, त्यापलीकडे मेंढ्यांचं कुरण, आणि कुरणावरून उत्तरेकडे चालत गेलेले विजेच्या तारांचे ते उंच मनोरे. अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्ट या उपनगरातल्या फ्लॅटमध्ये आमच्या खिडकीतून समोरच्यांची खिडकी दिसायची, त्यामुळे एवढं मोकळं आकाश पाहून आम्ही सगळेच खुळावलो. पप्पांची बदली देशाच्या उत्तर टोकाला, ग्रोनिंगनला झाली होती, शहरात भाड्याने घर मिळत नव्हतं, आणि शहराबाहेरच्या या गावातलं ओळीतलं शेवटचं घर रिकामं होतं. एजंटने मागचं दार उघडून हात पसरला आणि म्हणाला, "बघा, समोर काहीही नाही!" पप्पांनी मान डोलावली. आईने मात्र वर बोट दाखवून विचारलं, "आणि ते?" एजंटने अशा चेहऱ्याने वर पाहिलं, जणू त्यालाही ते पहिल्यांदाच दिसत होतं. "ते फार वर्षांपासून आहेत," तो म्हणाला, "कुणाची तक्रार नाही." त्या दिवशी तारा अगदी गप्प होत्या.

आम्ही राहायला गेलो आणि काही दिवसांतच धुकं पडलं. उत्तरेकडचं धुकं वेगळं असतं, ते जमिनीतून वर येतं आणि मेंढ्यांचे नुसते आवाज उरतात. आई धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन अंगणात गेली आणि तशीच उभी राहिली. मी दारातून विचारलं, "काय झालं?" तिने ओठांवर बोट ठेवलं. मग मलाही ऐकू आलं. तापल्या तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज, पण मोहरी जरा वेळाने थांबते, हा थांबत नव्हता. त्याच्याखाली एक जाड, खालच्या पट्टीतली घरघर, जुन्या फ्रिजसारखी नाही, तर एखादं मोठं जनावर झोपेत घोरत असावं तशी. आईने एकही कपडा वाळत घातला नाही. बादली उचलून ती आत आली, मागचं दार लावलं, कडी नीट बसली का ते पुन्हा पाहिलं, आणि म्हणाली, "आजपासून कपडे आत वाळत घालायचे."

आमचं घर चार माणसांचं. पप्पा, म्हणजे मिलिंद, सॉफ्टवेअरवाले. शांत, सगळ्या गोष्टी उद्यावर ढकलणारे, आणि उद्या त्या आपोआप सुटतात यावर गाढ विश्वास असणारे. आई, वैशाली, पुण्यात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली. लग्नाआधी ती हवामानाची उपकरणं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करायची. इकडे आल्यावर आधी भाषा येत नव्हती, मग सिद्धू झाला, मग त्याला दम्याचा त्रास सुरू झाला, आणि तिचं शिक्षण कपाटातल्या रेशमी साडीसारखं घडी घालून ठेवल्यागत झालं. सिद्धार्थ, आमचा सिद्धू, प्राथमिक शाळेत होता, आणि मी, प्रज्ञा, त्याच्याहून बरीच मोठी, सायकलवरून शहरातल्या शाळेत जाणारी. सकाळी आई त्रिशरण म्हणायची ते कणीक मळता मळता. डब्याला पोळी-भाजी आम्हीच नको म्हणायचो, म्हणून ब्रेडमध्ये बटाट्याची सुकी भाजी. संध्याकाळी मात्र गरम वरण-भात, लसणाचा ठेचा, आणि मिळाली तर मेथी. कुकरच्या शिट्या, भांड्यांतली वाफ, हॉलमध्ये रॅकवर वाळणारे ओले मोजे, हे त्या घराचं हिवाळ्यातलं चित्र. मला ते तेव्हा उबदार वाटायचं.

आईचं लक्ष मात्र त्या तारांवर जे लागलं ते लागलंच. ती चिडली की गप्प व्हायची आणि घाबरली की वाचायला लागायची. आता ती वाचत सुटली. लॅपटॉपवर, ग्रोनिंगनच्या वाचनालयात, बसमध्ये. जेवताना ती आम्हाला सांगू लागली. तारेवरचा विजेचा दाब एवढा असतो की तिच्या अगदी लगतची हवा फुटते, हवेच्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन बाहेर ओढले जातात आणि विद्युतभार असलेले कण तयार होतात. कोरड्या दिवशी हे कमी. धुक्यात तारेवर पाण्याचे थेंब लटकतात, प्रत्येक थेंब टोकदार होतो, आणि त्या प्रत्येक टोकाशी हवा फुटत राहते. आपण ऐकतो ती तडतड त्याचीच. त्यात थोडा ओझोन होतो. आणि ते भारित कण तिथेच थांबत नाहीत, वाऱ्याबरोबर निघतात, हवेतल्या धुरा-धुळीच्या कणांना जाऊन चिकटतात.

"आणि आपलं घर वाऱ्याच्या कोणत्या बाजूला आहे?" तिने विचारलं.

पप्पांनी भातावर तूप घेतलं. "वैशाली, लोक इथे पिढ्यान्‌पिढ्या राहताहेत गं."

"मी लोकांचं विचारत नाहीये. मी वाऱ्याचं विचारतेय."

आज इतक्या वर्षांनी, माझे स्वतःचे केस पांढरे झाल्यावर, मला त्या वाक्यातला तिचा आवाज आठवतो आणि कळतं की तिला भीती होतीच, पण भुकेल्या माणसाला ताट दिसावं तसंही काहीतरी होतं. किती वर्षांनी तिला विचार करायला एक खरा प्रश्न मिळाला होता.

एका संध्याकाळी, हिवाळा असल्यामुळे पाचलाच काळोख झाला होता, तिने स्वयंपाकघरातली जुनी ट्यूबलाइट काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि मला म्हणाली, "चल, तुला गंमत दाखवते." पाटावरच्या फळीवरून आम्ही कुरणात गेलो. गवत भिजलेलं होतं, बुटांत पाणी शिरत होतं, डोक्यावर ती घरघर. मनोऱ्यांच्या मधोमध, तारा जिथे सगळ्यात खाली झुकतात तिथे थांबून आईने ट्यूब एका टोकाला धरून उभी केली. ना वायर, ना बटण. आणि ट्यूब हळूहळू उजळली. फार नाही, आजारी माणसाच्या हसण्याएवढी, पांढुरकी, थरथरती. आईचा चेहरा त्या उजेडात दिसला. "बघ," ती कुजबुजली, "आपण ज्यात उभे आहोत ना, ते रिकामं नाहीये." मला ते इतकं सुंदर वाटलं की मी टाळीच वाजवली. आईने मात्र ट्यूब खाली केली आणि घराकडे पाहिलं. वरच्या मजल्यावर सिद्धूच्या खोलीत दिवा होता. "आणि तो रात्रभर यातच श्वास घेतो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने रुंद चिकटपट्टीचे रोल आणले. डच घरांमध्ये खिडकीच्या वर हवा यायला एक लांब जाळी असते, ती तिने प्रत्येक खोलीत बंद केली आणि वरून पट्टी लावली. छतावर हवा बाहेर ओढणारा एक पंखा असतो, तो सतत चालू ठेवायचा असतो. तो आतली हवा ओढतो म्हणजे बाहेरची आत येते, असा तिचा हिशेब, आणि तो चुकीचाही नव्हता. तिने त्याचा प्लग काढला. पप्पा ऑफिसातून आले, पट्ट्या पाहिल्या आणि हसले. "आता आपण पाणबुडीत राहायचं का?" त्यांनी ते सहज म्हटलं, सिद्धूलाही हसू आलं, पण आई त्यानंतर दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

पट्ट्या लागल्या आणि सिद्धू सुधारायच्या ऐवजी बिघडत गेला. आधी त्याला दम्याचा निळा पंप कधीतरी लागायचा, आता तो उशाशीच असायचा. सकाळी उठला की छातीतून शिट्टी वाजायची. शाळेत तो बरा असायचा, हे त्याच्या बाईंनी आम्हाला सांगितलंही, पण आईने त्याचा अर्थ असा लावला की शाळा तारांपासून लांब आहे. तो जितका खोकायचा तितकी ती आणखी फटी शोधायची. दाराखाली टॉवेल, पत्रपेटीच्या फटीला फोम. मी शाळेतून आले की दार उघडायला ती यायची आणि मला आत ओढून दार लावायची, जणू माझ्या मागे कुणी लागलंय. रात्री घरात सगळ्यांत आधी झोपणारे पप्पाही कुशी बदलायला लागले. मला अभ्यास सुचत नव्हता. मी पुस्तक उघडायचे आणि कान बाहेर लावायचे, आज तारा बोलताहेत का? काचांवरून पाणी ओघळायचं, आई सकाळी फडकं घेऊन सगळ्या खिडक्या पुसायची आणि फडकं बेसिनमध्ये पिळायची.

मग ती सकाळ आली. धुकं इतकं दाट की पाटसुद्धा दिसत नव्हता. मी खाली चहा गाळत होते, तेवढ्यात वरून काहीतरी पडल्याचा आवाज आला. सिद्धू खोलीच्या दारात गुडघ्यांवर होता. दोन्ही हात जमिनीला टेकलेले, खांदे कानांपर्यंत चढलेले, ओठांचा रंग बदललेला. "ताई," एवढंच तो म्हणाला, आणि पुढचा शब्द निघेना. आईने पंप त्याच्या तोंडाला लावला, एकदा, पुन्हा, पुन्हा. पप्पा फोनवर डचमध्ये पत्ता सांगत होते आणि त्यांना आमच्याच रस्त्याचं नाव आठवत नव्हतं, मी ओरडून सांगितलं. अ‍ॅम्ब्युलन्स आली, तोंडावर मास्क बसला, आणि घर एकदम इतकं रिकामं झालं की बाहेरची तडतड आत ऐकू येऊ लागली.

तो वाचला. चार दिवसांनी घरी आला, बारीक झालेला, आणि दवाखान्यातली जेली कशी आमच्या घरच्या खिरीपेक्षा भारी होती हे डचमध्ये सांगत बसला. नंतर आमच्या फॅमिली डॉक्टरांनी, त्या एक मध्यमवयीन बाई होत्या, आईला बोलावून बरेच प्रश्न विचारले. मी दुभाषी म्हणून बरोबर होते. घरात कुणी सिगारेट ओढतं का? मांजर आहे का? घरात ओल, बुरशी?

आईचा चेहरा ताठ झाला. "त्यांना सांग, आमचं घर स्वच्छ आहे. मी रोज पुसते."

मी सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली. मग आईने तारांचा विषय काढला, भारित कण, वारा, सगळं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की याबद्दल त्यांना फारसं माहीत नाही, पण त्या गावातली बाकीची मुलं त्यांच्याकडे दम्यासाठी जास्त येतात असं त्यांना दिसलेलं नाही. बाहेर आल्यावर आई सायकलचं कुलूप उघडत म्हणाली, "दिसलेलं नाही म्हणजे शोधलेलं नाही."

त्या संध्याकाळी तिने जाहीर केलं. द हेगमध्ये तिची मैत्रीण होती, माधुरी मावशी, तिच्या घरातल्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. आई आम्हा दोघांना घेऊन तिकडे जाणार.

"आणि मी?" पप्पांनी विचारलं.

"तुला तारांचा त्रास नाही ना. तू राहा."

"वैशाली, प्रज्ञाची शाळा आहे. माझी नोकरी इथे आहे. असं कसं उठून—"

"मिलिंद, मी त्याला दारात पडलेला पाहिलाय."

"मीही पाहिलाय."

"तू फोनवर होतास."

पप्पांनी समोरचं ताट उचललं, बेसिनमध्ये ठेवलं, नळ सोडला आणि नुसतेच वाहत्या पाण्याकडे पाहत राहिले. मी सिद्धूला घेऊन वर गेले. तो मला म्हणाला, "ताई, ते डिव्होर्स घेणार का?" त्याच्या वर्गात अशी बरीच मुलं होती, त्यामुळे तो शब्द त्याने हवामानाबद्दल विचारावं तसा विचारला. त्या घरात आपलं काहीतरी फुटतंय, आणि ते बाहेरच्या तारांवर नाही, हे मला पहिल्यांदा तेव्हा जाणवलं.

शनिवारी व्हॅन यायची होती. शुक्रवारी पप्पा ऑफिसला गेले, सिद्धू शाळेत, मला आईने मदतीला घरी ठेवलं. खोकी भरून झाली तेव्हा सिद्धूच्या खोलीतलं कपाट उरलं. जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलेलं ते ओकचं अवजड कपाट आल्या दिवशी बाहेरच्या भिंतीला टेकवलं होतं, शेजारी त्याचा पलंग, आणि त्यानंतर त्याला कुणी हात लावला नव्हता. आई एका बाजूने, मी दुसऱ्या. आधी ते हललंच नाही. मग एकदम सरकलं आणि एक वास अंगावर आला, पावसात भिजून कोपऱ्यात कुजलेल्या गोणपाटाचा.

भिंत काळी होती. कपाटाएवढी काळी, आणि कपाटाच्या कडेने पलंगाच्या डोक्यापर्यंत पसरत गेलेली. कुठे हिरवट केस उगवल्यासारखं, कुठे काजळीसारखा ओला लेप. वॉलपेपर सुटून पोटासारखा फुगला होता. कपाटाच्या पाठीवर पांढरी लव. सिद्धूचा एक हरवलेला हातमोजा तिथे पडला होता, तोही काळा.

आई खाली बसली नाही, रडली नाही. ती खिडकीपाशी गेली आणि वरच्या जाळीवरची पट्टी तिने नखाने पकडली. पट्टी लांबच लांब सुटत आली. तिच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब होते. मग तिने काचेवर हात फिरवला आणि ओला तळवा माझ्यापुढे धरला.

"हे पाणी मी रोज पुसत होते," ती म्हणाली. "कुकरची वाफ, ओले कपडे, आपल्या चौघांचे श्वास. बाहेर जायला वाटच ठेवली नाही मी. एवढी शिकले, आणि एकदासुद्धा स्वतःला विचारलं नाही की रोज हे पाणी येतंय कुठून."

"आई, तुला काय माहीत की..."

"मला माहीत होतं गं. प्रयोगशाळेत मी आर्द्रतामापकंच तपासायचे."

तिने फोन करून पप्पांना फक्त "घरी ये" एवढंच सांगितलं. ते भर पावसात सायकल मारत आले, बुटांसकट वर आले, आणि दारातच थांबले. मी जिन्यात उभी होते आणि आता ते जे काही बोलतील त्यावर आमचं पुढचं सगळं ठरणार होतं. पाणबुडीची गोष्ट ते पुन्हा काढू शकत होते. ते पुढे आले, वाकले, आणि सिद्धूच्या उशीवर हात ठेवला. उशी आणि काळी भिंत यांच्यात वीतभर अंतर होतं.

"इथे त्याचं डोकं असतं?" त्यांनी विचारलं.

आईने होकारार्थी मान हलवली.

"मी या खोलीत कधी बसलोच नाही गं, वैशाली," ते म्हणाले. "त्याला झोपवायला तू, रात्री उठायला तू. मी नुसता हसलो." त्यांचा चष्मा पावसाने आणि आतल्या दमट हवेने धुरकटला होता, तो त्यांनी काढलाच नाही. मग खाली जाऊन ते फोन लावू लागले. "व्हॅन रद्द करतो."

"नको," आई वरून म्हणाली. "येऊ दे. कपाट न्यायचंय. गादी, कार्पेट, पडदे, सगळं कचरा डेपोत."

व्हॅन आली आणि सामान द हेगला जाण्याऐवजी गावाबाहेरच्या कचरा डेपोत गेलं. घरमालकाने कुरकुरत का होईना, भिंत खरवडून घेतली, आतला भिजलेला थर काढून नवा लावला. त्या काळात सिद्धू माझ्या खोलीत गादी टाकून झोपला. छतावरचा पंखा पुन्हा सुरू झाला. खिडक्या उघडल्या तेव्हा थंडी आत आली, तारांची तडतडही आत आली, आणि आम्ही स्वेटर घालून भाकरी खाल्ली.

सिद्धू एका रात्रीत बरा झाला नाही. महिने गेले. औषध बदललं, मग कमी झालं. दमा त्याला आजही आहे, पण तो त्याच्या खिशात राहतो, छातीवर बसत नाही. आणि आईने तारांना माफ केलं, असंही कुणी समजू नये. "तारांचं काही नसतं" असं कुणी म्हटलं की ती आजही, काठी टेकत चालते तरी, खुर्चीत सरळ होते. तिने पुढे विद्यापीठात हवेच्या मोजमापाचं काम मिळवलं, आधी फुकट, मग पगारावर, आणि तारांच्या वाऱ्याकडच्या आणि विरुद्ध बाजूला उपकरणं लावून कित्येक हिवाळे घालवले. ओझोन होतो, पण जमिनीपर्यंत पोहोचेस्तो नगण्य उरतो, असं ती सांगते. भारित कण मात्र वाऱ्याबरोबर बरेच लांब जातात, ते तिने स्वतः मोजलं. ते फुप्फुसात जास्त चिकटतात का, याचं ठाम उत्तर तिला कधी मिळालं नाही, आणि न मिळालेलं उत्तर ती कधी मिळाल्यासारखं सांगत नाही.

पट्ट्या काढल्या त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात सिद्धूच्या वर्गाची सहल समुद्रातल्या एका बेटावर जाणार होती, तंबूत राहायला. आई नाही म्हणेल असं आम्ही धरूनच चाललो होतो. ती हो म्हणाली. बॅगेत तिने पंप ठेवला, आणखी एक पंप ठेवला, बाईंच्या हातात तिसरा दिला. बस गेल्यावर ती शाळेच्या फाटकापाशी इतका वेळ उभी राहिली की बाकीचे पालक निघून गेले. मग मला म्हणाली, "आपण कुठेतरी जाऊ." कुठे, ते तिलाही माहीत नव्हतं. आम्ही सायकली हाणत निघालो, वारा तोंडावर, गावामागून गाव, थेट समुद्राच्या बांधापर्यंत. तिथे एका गाड्यावर तळलेले माशांचे तुकडे घेतले. आईने पहिलाच तुकडा घाईने तोंडात टाकला, जीभ भाजली, आणि तेवढ्यात फोन वाजला. सिद्धूच्या बाईंचा नंबर. आईच्या हातातला कागदाचा द्रोण कलला, दोन तुकडे गवतात पडले, एका सीगलने उचललेसुद्धा. तिने फोन कानाला लावला. तिचा चेहरा मी आजही काढून दाखवू शकेन.

पलीकडे सिद्धू होता. त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता, तो धापा टाकत होता, पण मागे मुलांचा आरडाओरडा चालला होता आणि कुणीतरी त्याचं नाव घेऊन बोलावत होतं. पोहायची चड्डी कुठल्या कप्प्यात आहे, एवढंच त्याला विचारायचं होतं.

"बाजूच्या," आई म्हणाली. "सिद्धू, ऐक, तू पंप..."

फोन बंद झाला होता. आई फोनकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे.

"फोन ठेवला की गं त्याने!" ती म्हणाली, आणि ओठांवरचं मीठ पुसायचंही विसरून हसायला लागली.